थोरलीचं नाव

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीत दिलेली ही डायरी सात महिने टीव्हीखाली पडून होती. आज उघडली, कारण आज ठरलं. मी आणि माझी मैत्रीण मोनाली मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावर रक्ततपासणीचं सेंटर काढणार. गाळा बघून आलो. लहान आहे, पण पक्क्या स्लॅबचा आहे आणि समोर रिक्षा थांबतात. दोन ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला उघडायचं. नऊ वर्षं सिडकोतल्या लॅबमध्ये दुसऱ्यासाठी लोकांच्या शिरा शोधल्या, आता स्वतःसाठी शोधीन.

अडलंय ते बोर्डावर. मोनाली म्हणाली, परवाना तुझ्या नावाने निघतोय, तर बोर्डावरही तुझंच नाव पाहिजे. माझं नाव कडूबाई धोंडिबा सोनकांबळे. शाळेत मला कारलं म्हणायचे, कॉलेजात कडुलिंब. लॅबमध्ये सरांनी दया येऊन केडी मॅडम केलं. ‘कडूबाई लॅब’ असा बोर्ड वाचून कुठला शहाणा आत येईल? रिपोर्ट खराबच येणार असं समजून पायरीवरूनच परत जाईल.

तेव्हा मी नाव बदलणार. तीस वर्षं पुरे झाली.

१८ ऑगस्ट, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत सेवा केंद्रावर गेले. तिथल्या बाईंनी आधार कार्ड पाहिलं, हसू दाबलं आणि जुनं नाव भरलं. नवीन नाव काय, म्हणाल्या. मी रात्रभर चार-पाच नावं घोळवून ठेवली होती, पण तोंडातून निघालं रत्नमाला. निघालं ते निघालं. मलाही ऐकायला बरं वाटलं.

येताना आठवलं की ते कुठून आलं. दुसरीत असताना मला टायफॉइड झाला होता. माय कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायची आणि रत्ना, रत्ना करत बसायची. ताप उतरला की मी पुन्हा कडू. ते माझं आजारपणातलं लाडाचं नाव. आमच्या घरात दुसरा कुठला लाड झाल्याचं आठवत नाही, म्हणून हाच उचलला.

मायला आणि वडलांना अजून सांगितलेलं नाही. राजपत्रात आलं की सांगीन. अण्णांची भीती नाही, ते वाचणारे आहेत. घरात देव नाही, मुहूर्त नाही. शेजारच्या रूपाच्या बाळाच्या गळ्यात ताईत दिसला तर अण्णांनी तिला अर्धा तास ऐकवलं होतं. भीती मायची. माझं नाव हे तिचंच खूळ असणार. मूल जगत नसलं की कडू, दगडू, धोंडा असं काहीतरी ठेवायचं, म्हणजे मरणाला त्याची हाव सुटत नाही. अडाणी बाई, दुसरं काय.

तिच्यावर चिडते आणि मग मला माझीच लाज वाटते. माझ्याआधी तिची दोन गेली. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते पडलं, त्यात माझा भाऊ आणि बहीण गेले. मायचं दोन मुलांवर ऑपरेशन झालं होतं. भूकंपानंतर अशा बायकांची नसबंदी सरकारी दवाखान्यात उघडून देत होते. मायच्या पोटावर दोन व्रण आहेत, एक बंद केल्याचा, एक उघडल्याचा. दुसऱ्यातून मी आले.

त्या दोघांना घरात ‘थोरली’ म्हणतात. नावं घेत नाहीत. फोटो नाही. मी सहावीत असताना एकदा नावं विचारली, तर अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर विचारलं नाही. गाव सुटलं, नातेवाईक सुटले, सांगणारं कोणी उरलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

गाळ्याला रंग लागला. अण्णांना दाखवायला नेलं. बाहेरूनच बघितलं, छताकडे बघितलं, छान आहे म्हणाले आणि रस्ता ओलांडून समोर जाऊन उभे राहिले. तीस वर्षांत हा माणूस पक्क्या घरात झोपलेला नाही. चिकलठाण्याच्या कंपनीत वॉचमन होते, तेव्हाही केबिनमध्ये न बसता गेटवर खुर्ची टाकायचे. आमचं घर पत्र्याचं, भिंती प्लायच्या. आत्तापर्यंत तीन वेळा मी स्लॅबचं म्हणाले आणि तिन्ही वेळा ते उठून बाहेर गेले. आमचं घर पडलं तर कोणाला टेंगूळही यायचं नाही, असं मी चेष्टेने म्हणते. ते हसत नाहीत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

राजपत्रात आलं. मोबाइलवर पाच वेळा वाचलं. जुने नाव, नवे नाव. जेवताना सांगितलं.

मायचा घास हातातच राहिला. मग हळूच म्हणाली, “तुला कोनी सांगितलं हे नाव?”

मी म्हणाले, तूच म्हणायचीस की, मी तापात होते तेव्हा. तिने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला अवघडल्यासारखं झालं. अण्णांनी ताट सरकवलं, हात धुतला आणि खाट उचलून दाराबाहेर नेली. जाताना एवढंच म्हणाले, “हे कागद माघारी घेता येत असलं तर घे.”

मला वाटलं होतं उलटं होईल. माय रडेल आणि अण्णा पाठीवर हात ठेवतील. आयुष्यभर सगळ्यांना शिका, मान वर करून जगा म्हणणारे अण्णा, आणि मुलीने एक बरं नाव घेतलं तर रुसून बाहेर झोपतात. बाप झाला तरी मेला पुरुषच. हे लिहून खोडणार होते, पण खोडत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

माय मला रत्ना म्हणायला लागली. एकदाही चुकत नाही. मोनालीची दहा वेळा जीभ अडखळते, माझी स्वतःचीही, पण मायची नाही. खुशीत आहे. सकाळी रोजची शेंगदाण्याची चटणी सोडून मला गूळ-भाकरी कुस्करून दिली. मला गूळ आवडत नाही, साऱ्या मुकुंदवाडीला माहीत आहे.

“आवडतो की तुला,” माय म्हणाली. “चोरून खायचीस.”

मी खाल्ली. तिचा चेहरा बघून नाही म्हणवेना.

दुपारी तेल घेऊन बसली. माझे केस खांद्यापर्यंतच आहेत, तरी ओढून ओढून दोन वेण्या घातल्या आणि कुठून आणल्या कोण जाणे, लाल रिबिनी बांधल्या. मी तीस वर्षांची घोडी. आरशात बघून आधी हसू आलं. मग माझ्या मागून माय आरशात बघत होती, तिची नजर मला दिसली आणि हसू गेलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या छातीच्या उंचीवर कुठेतरी बघत होती.

२४ सप्टेंबर, बुधवार

मायचं रक्त काढलं. थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, सोडियम, साखर, सगळं लावलं. या वयात डोकं फिरल्यासारखं वागणं अशा कमतरतेने होतं, हे मी शंभर नातेवाइकांना समजावलं आहे. संध्याकाळी रिपोर्ट पाहिले. सगळं नॉर्मल. माझ्यापेक्षा बरं रक्त आहे तिचं. एवढा वाईट वाटलेला चांगला रिपोर्ट मी आजवर पाहिला नव्हता.

पाऊस थांबत नाही. बीडकडे, धाराशिवकडे गावंच्या गावं पाण्यात आहेत असं टीव्हीवर दाखवतात. अण्णा टीव्ही बंद करायला सांगतात, आणि तेही बाहेरून. खाटेवर प्लास्टिकचा कागद ओढून बसतात. मी दोनदा आत बोलावलं. तिसऱ्यांदा ओरडले. त्यांनी मला नावानेच काय, ‘बाई’ म्हणूनही हाक मारलेली नाही, सहा दिवस झाले.

२७ सप्टेंबर, शनिवार

रात्रीच्या जेवणाला मायने चार ताटं मांडली. म्हणाली, “रत्ना, दादाला हाक मार गं जेवायला.”

मी विचारलं, कोणता दादा? ती भाकरी थापत राहिली. मी दारातून बाहेर बघितलं. अण्णा कागदाखाली बसून माझ्याकडेच बघत होते. त्यांनी ऐकलं होतं.

चौथ्या ताटाला कोणी हात लावला नाही. मला काहीतरी कळायला लागलंय आणि ते कळून घ्यायचं नाही. उद्या गाळ्यात खूप काम आहे, फ्रीज येणार आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

आजचा, भूकंपाचा दिवस दरवर्षी अण्णा पाण्यावर काढतात आणि कोणाशी बोलत नाहीत. आज बोलले. सकाळी मी चहा घेऊन बाहेर गेले, खाटेच्या टोकाला बसले आणि सरळ विचारलं, थोरलीचं नाव रत्नमाला होतं का. त्यांनी मान हलवली. आणि थोरल्याचं? आकाश. बत्तीस वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि त्यांनी ओठांवर हात ठेवला.

मग सांगत गेले. जसं आठवतं तसं लिहून ठेवते.

गावात पाटलांच्या गल्लीत दोन-दोन हात रुंद भिंतींची दगडी घरं. आमची वस्ती गावाबाहेर, कुडाची, पत्र्याची. अण्णांचं स्वतःचं नाव धोंडिबा, कारण त्यांच्याआधीची तीन भावंडं जगली नव्हती. त्या नावावरून शाळेत गुरुजींनीही थट्टा केली होती. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की पोरांना पुस्तकातली नावं ठेवायची आणि दगडी घरात वाढवायचं. पडक्या भिंतींचे दगड डोक्यावर वाहून, माती कालवून, दोन उन्हाळ्यांत त्यांनी घर उभं केलं. वस्तीतलं पहिलं दगडी घर. लोक त्याला गमतीने धोंडिबाचा वाडा म्हणायचे, आणि अण्णांना ते आवडायचं.

त्या रात्री उकडत होतं म्हणून ते आणि माय अंगणात झोपले. पोरंही बाहेरच झोपायचं म्हणत होती. आभाळ आलं होतं. अण्णांनी उचलून त्यांना आत निजवलं.

“भिंती पक्क्या हायेत म्हून,” अण्णा म्हणाले. “मीच.”

पहाटे जमीन हलली. वस्तीतल्या कुडाच्या घरांतून माणसं अंग झटकत बाहेर आली. कोणाचा पाय मोडला, कोणाचं डोकं फुटलं, पण वस्तीत गेलं असं कोणी नाही. आमच्याच घरातली दोघं. आकाश लगेच गेला. रत्ना आत दगडांखाली बोलत होती. अख्खी वस्ती हातांनी दगड काढायला लागली, पण ते दगड अण्णांनी निवडून आणलेले, आता एकमेकांत अडकून दोघांनाही न हलणारे. माय फटीला तोंड लावून बोलत राहिली, आले गं, काढते गं. ऊन चढलं. दुपारपर्यंत आतून आवाज येत होता. सात वर्षांची होती, दुसरीत.

मी विचारलं, मग माझं नाव मायने ठेवलं ना? माझ्या स्वतःच्याच आवाजाचा मला राग आला, पण तेवढं मला पाहिजे होतं.

अण्णा म्हणाले, नाही. माय बाळंतिणीच्या खाटेवर म्हणत होती, माझी रत्ना आली, रत्नाच म्हणा. अण्णांनी तिला गप्प केलं आणि नर्सला कडू असं लिहून घ्यायला लावलं.

“बाबासाहेबांचं सगळं ऐकलं मी. देव सोडले, उपास सोडले. येवढं एकच नाय ऐकलं. तुझ्या वक्ताला माझी छाती नाय झाली.”

मी त्यांना खूप काही ऐकवू शकले असते. ताईतासाठी रूपाला ऐकवलेलं सगळं त्यांना जसंच्या तसं परत करता आलं असतं. पण माझा हात त्यांच्या ओल्या पाठीवर होता. मी इतकी वर्षं मायला अडाणी म्हणत आले. तिने तर चांगलंच नाव मागितलं होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

बोर्ड आला. निळ्यावर पांढरी अक्षरं: रत्नमाला क्लिनिकल लॅब. पेंटरने सुंदर केलाय. मोनालीला कालचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, उद्घाटन पुढे ढकलू. मी म्हणाले, नाही.

दिवसभर स्वतःशी भांडत होते. एक नाव मेलेल्या पोरीचं, दुसरं मरणाला चुकवायला लावलेलं. माझं असं यातलं कोणतं? माझी म्हणून मला कोणी हाक मारलीच नाही. हे लिहिताना रडू येतंय आणि थोडी कीवही येते स्वतःची, ती मला आवडत नाही.

शेवटी मायसाठी ठरवलं. तिला तिची रत्ना हवी होती, तीस वर्षं उशिरा का होईना मिळाली. सुखात आहे बिचारी. राहू दे. माझं काय, केडी मॅडम म्हणणारे आहेतच. अण्णांनाही सांगितलं, बोर्ड हाच लागणार. रात्रभर खाट वाजत होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं आजच लिहिते.

सकाळी दहाला आत तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. त्रिशरण-पंचशील झालं. माय माझ्या शेजारी होती, पांढऱ्या साडीत, हात जोडून. जुन्या लॅबचे लोक, गल्लीतल्या बायका, रूपा आणि तिचं बाळ, वीसेक माणसं होती. अण्णा रस्त्याच्या पलीकडे छत्री घेऊन उभे, आत आले नाहीत. मी बोलावलंही नाही.

मग मोनाली म्हणाली, बोर्डाखाली सगळ्यांचा फोटो काढू. एकेक जण बाहेर आला. माय आधीच पायरीवर येऊन थांबली होती आणि दारातून निघणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी मी आले, हातात पेढ्यांचं ताट. माय माझ्या मागे बघत राहिली. दाराकडे. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

तिने माझा दंड धरला. “रत्ना, कडू कुठंय गं?”

कोणीतरी हसलं. मी म्हणाले, माय, मीच की.

“तू हायेस. तू आलीस भाईर.” तिने दंड सोडला नाही. “माझी धाकटी कुठंय? ती आत तर नाय ना राह्यली?”

आणि तिथेच, रस्त्यावर, गाळ्याच्या चौकटीला तोंड लावून ती आत बोलायला लागली. आले गं कडू, काढते गं, भिऊ नको. नखांनी चौकट ओरबाडत होती. मोनाली तिला धरायला गेली, तर तिने मोनालीला ढकललं. कोणी हसत नव्हतं आता. मला एकदम कळलं की मी तिला एक लेक परत दिली नाही, उरलेली एकुलती एक होती तिला दगडांखाली घातलं.

मी ताट मोनालीच्या हातात दिलं. मायच्या बाजूने आत शिरले. मेणबत्त्या जळत होत्या. नव्या खुर्चीच्या आणि फ्रीजच्या मध्ये जाऊन उभी राहिले. बाहेरून तिचा आवाज येत होता. किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. मग म्हणाले, माय, मी कडू. आले मी.

बाहेर आले, तेव्हा अण्णा छत्री टाकून रस्ता ओलांडून आले होते. पायरी चढून स्लॅबखाली, चौकटीत उभे होते, मायचे दोन्ही हात धरून. “कडू,” ते म्हणाले. पंधरा दिवसांनी त्यांनी मला हाक मारली.

मायने हात सोडवून घेतले. माझं डोकं चाचपलं, खांदे चाचपले, हातांची बोटं एकेक करून पाहिली. केसांतली धूळ झटकल्यासारखं केलं, धूळ नव्हती तिथे. मग मला छातीशी धरून म्हणाली, “लई येळ लावलास गं कडू.”

मी म्हणाले, हो माय, लागला थोडा.